ड्राय बाल्कनीतला पेन-लेथ: जागेची मांडणी ते पहिला पेन

पेन टर्निंग म्हणजे लेथवर लाकूड फिरवत, खरादून पेन घडवणं. धातूचे भाग किटमध्ये तयार मिळतात; लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून त्यात किटमधली पितळी नळी चिकटवायची आणि तुकडा बाहेरून खरादायचा. यातला साधा प्रकार स्लिमलाइन, म्हणजे फिरवून उघडायचा सडपातळ बॉलपेन. त्याची पितळी नळी ७ मिमीची, आणि टोकाशी पेनची जाडी साधारण ८.४ मिमी. म्हणजे टोकाला नळीभोवती लाकूड उरतं ते जेमतेम ०.७ मिमी. खिशातलं एटीएम कार्ड ०.७६ मिमी जाड असतं. त्याहूनही हे पातळ. पेन टर्निंगमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या आकड्यात आहे. भोक सैल किंवा वाकडं झालं तर एवढंही लाकूड उरत नाही. टोक काटकोनात नसेल तर जोडताना सगळा दाब एका कडेवर येतो आणि तिथेच तडा जातो.

नवशिक्याचं लक्ष लेथकडे आणि पटाशीकडे असतं. पेन मात्र बहुतेकदा लेथवर चढण्याआधीच बिघडलेला असतो, भोक पाडताना नाहीतर टोक सपाट करताना. म्हणून जागा कमी असेल तर जागा, पैसा आणि वेळ आधी या दोन कामांना द्या. पुढची सगळी मांडणी त्याच हिशोबाने दिली आहे.

जागा

नाशिकमध्ये सिडको, इंदिरानगर किंवा पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला साधारण चार बाय सहा फुटांची ड्राय बाल्कनी असते. पेनसाठी तेवढी पुरते. पण पहिला खिळा ठोकण्याआधी तिथे गॅस गिझर, सिलिंडर किंवा पाइप गॅसचा मीटर आहे का ते पाहा. असेल तर ही जागा सोडा. बारीक भुसा, स्पिरिट आणि ॲसिटोनची वाफ आणि गिझरची ज्योत यांना एकत्र ठेवता येत नाही. मग पुढची बाल्कनी किंवा पार्किंगमधली बंद खोली बघावी.

टेबल तीन फूट लांब, दीड फूट रुंद. पाय ४० × ४० मिमीच्या लोखंडी चौकोनी पाइपचे, कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून घ्यावेत. वरचा फळा म्हणून १८ मिमीचे दोन प्लाय फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवायचे. उंची अशी ठरवा: लेथसमोर सरळ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा; लेथचा मध्यअक्ष कोपराच्या रेषेत आला पाहिजे. टेबल खाली राहिलं तर अर्ध्या तासात कंबर बोलू लागते आणि हात थरथरायला लागतो. खालच्या फळीवर वाळूच्या दोन-तीन गोण्या ठेवा. हलकं टेबल हललं की पटाशी लाकडावर नाचते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. नवशिके त्याचा दोष धारेला देतात.

पायांखाली १०-१२ मिमी जाड रबर घाला आणि टेबल भिंतीला बोल्टने बांधू नका. बांधलं तर लेथची घरघर भिंत आणि स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर पोचते. दुपारी दोन ते चार आणि रात्री आठनंतर यंत्र बंद, हे स्वतःच ठरवून टाका. सोसायटीत तक्रार एकदा लेखी गेली की कार्यशाळा कायमची बंद होते.

लेथ भिंतीला खेटून ठेवण्याचा मोह होतो. हेडस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या लाकूड फिरवणाऱ्या डाव्या डोक्याच्या, डावीकडे किमान ८ ते १० इंच जागा सोडा. हेडस्टॉकच्या पोकळ स्पिंडलमधून मागून सळई घालून आत बसलेला टेपर (सुट्या भागाचा निमुळता दांडा) ठोकून काढावा लागतो. ती सळई घालायला जागा नसेल तर प्रत्येक वेळी ३५ किलोचा लेथ सरकवावा लागेल.

वीज: लेथची मोटर अर्धा एचपी, म्हणजे सुमारे ३७५ वॉट. सोबत व्हॅक्यूम क्लीनर चालवलात तर आणखी १२०० ते १४०० वॉट. दोन्ही मिळून सात-आठ अँपिअर होतात, त्यामुळे ६ अँपिअरच्या सॉकेटवर एक्स्टेंशन लावून काम नको. वॉशिंग मशीनचं १६ अँपिअरचं सॉकेट वापरा आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

लेथ कोणता

पेनची लांबी पाच-सहा इंच, म्हणून सर्वांत छोटा लेथ पुरेल असं वाटतं. भोकही लेथवरच पाडायचं असेल (आणि कमी जागेत तेच शहाणपणाचं, कारण वेगळ्या ड्रिल प्रेसची जागा वाचते) तर हिशोब बदलतो. हेडस्टॉकवरचा चक (लाकूड पकडणारा शिकंजा) जबड्यांसह ९० मिमी, त्यातून बाहेर आलेलं लाकूड ४० मिमी, ड्रिल बिटचा बाहेरचा भाग ८० मिमी, टेलस्टॉकमधला (समोरच्या, सरकत्या डोक्यातला) ड्रिल चक ९० मिमी. बेरीज ३०० मिमी, म्हणजे १२ इंच. दोन सेंटरमध्ये (दोन्ही डोक्यांतल्या टोकदार आधारांमध्ये) १२ इंच अंतराचा लेथ काठावर पास होतो. जाड, एकाच नळीच्या पेनला लांब बिट लागला की नापास. १४ ते १८ इंचांचा घ्या.

आणखी तीन गोष्टी पाहा. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक दोन्हींचा टेपर एमटी-२ (मोर्स टेपर क्रमांक २) असावा, कारण पेनचे बहुतेक सुटे भाग त्याच मापात मिळतात. वेग मिनिटाला ५०० ते ३००० फेऱ्यांपर्यंत बदलता यावा. आणि दोन्ही टोकांना टोकदार सेंटर बसवून टेलस्टॉक पुढे आणला की दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. सुईच्या टोकाला सुईचं टोक लागावं तशी. बाजूला सरकलेली दिसली तर त्या लेथवर पेन कधीच गोल होणार नाही. ही तपासणी विकत घेण्याआधी दुकानातच करा, नंतर नाही. हँड ड्रिलवर चालणारे स्वस्त जुगाड-लेथ मिळतात, ते टाळा: ड्रिलचे बेअरिंग आडवा दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात.

खर्चाचा अंदाज बांधताना लेथइतकेच पैसे बाकीच्या सामानाला धरा. त्यात चार जबड्यांचा स्क्रोल चक, एमटी-२ शँकचा ड्रिल चक, ६० अंशांचा फिरता सेंटर, ७ मिमी किटचा मँड्रेल (लाकडाचे तुकडे ओवायची सळई) आणि बुश (तुकड्यांच्या टोकांशी बसणाऱ्या, पेनची जाडी दाखवणाऱ्या लोखंडी कड्या), ७ मिमीचा चांगला एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट, पेन मिल (टोक काटकोनात सपाट करणारं कटर) आणि डिजिटल व्हर्नियर. सुरुवातीला दहा प्रकारचे किट घेऊ नका. एकाच स्लिमलाइनचे दहा घ्या. प्रत्येक प्रकाराला वेगळा बिट आणि वेगळे बुश लागतात, आणि सवय एकाच मापावर लवकर बसते.

बुश झिजतात. नव्या जोडीसाठी परगावच्या पार्सलची वाट पाहायची गरज नाशिककराला नाही. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणारा लेथवाला ईएन-८ पोलादाच्या सळईतून बुश करून देतो. सोबत कागदावर मापं लिहून द्या: बाहेरचा व्यास, आतला व्यास, लांबी. बाहेरच्या व्यासाला ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक चालणार नाही हे स्पष्ट सांगा. आणि किटमधला निब (पेनचं पुढचं धातूचं टोक) व्हर्नियरने मोजूनच माप द्या. दोन विक्रेत्यांच्या एकाच नावाच्या किटमध्ये फरक सापडतो.

हत्यारं आणि धार

तीन हत्यारं पुरतात: २० मिमीचा रफिंग गौज (खोलगट पटाशी), अर्धा इंची स्क्यू (तिरक्या धारेची सपाट पटाशी) आणि पार्टिंग टूल (अरुंद पटाशी). स्क्यू शिकायला महिना जातो. तोवर चौकोनी कार्बाइड इन्सर्टचं (सुट्या पात्याचं) हत्यार घेतलंत तर काही बिघडत नाही. एक कड बोथट झाली की इन्सर्ट फिरवायचा, ग्राइंडरची गरज नाही, जागाही वाचते. कार्बाइडने लाकूड कापलं कमी आणि खरवडलं जास्त जातं, त्यामुळे घासणं वाढतं, एवढाच तोटा.

एचएसएस हत्यारांसाठी ६ इंची बेंच ग्राइंडरवर पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा चाक लावा, ८० ग्रिटचा. आपल्याकडचे बहुतेक ग्राइंडर २८०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात, म्हणून हात हलका ठेवा. गौजला ४५ अंश. स्क्यूच्या दोन्ही बाजू मिळून ४० अंशांच्या जवळपास, आणि मधल्या वेळात बारीक डायमंड प्लेटवर चार-पाच हात. धार आहे की नाही हे ओळखण्याची खूण साधी: धारदार हत्याराखालून लांब, कुरळी ढलपी निघते आणि सर्रऽ असा मऊ आवाज येतो. पीठ उडायला लागलं की थांबा आणि धार लावा.

लाकूड

पेनच्या ब्लँकचं (ज्यातून पेन खरादायचा त्या लाकडी तुकड्याचं) चालू माप १९ × १९ × १२७ मिमी. सागाचे असे तुकडे फर्निचरवाल्याच्या कचऱ्यात पोत्यांनी पडलेले असतात आणि सरावाला तेच उत्तम. शिसव सुंदर दिसतं पण तेलकट असतं आणि त्याच्या भुशाने पुष्कळांना शिंका, खाज येते. बाभूळ आणि चिंच घट्ट, झळाळी छान धरतात. मात्र टोकाशी फुटायला बघतात.

नाशिक जिल्ह्यात दोन लाकडं अशी आहेत की ज्यांच्यासाठी परदेशातला हौशी टर्नर हेवा करेल. एक डाळिंब. सटाणा, मालेगाव, देवळा पट्ट्यात तेल्या रोगाने गेलेल्या बागा उपटल्या जातात आणि ती खोडं चुलीत जातात. डाळिंबाचं लाकूड पिवळसर, अतिशय बारीक पोताचं आणि कठीण. पेनला जणू त्यासाठीच वाढलंय. दुसरा द्राक्षवेल. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीत निघणाऱ्या काड्या बोटाएवढ्या असतात, त्यांचा उपयोग नाही. जुनी बाग काढताना निघालेलं बुंध्याचं लाकूड हवं, मनगटाएवढं तरी. ते सच्छिद्र आणि वेडंवाकडं असतं, त्यामुळे खरादताना मध्येच थांबून पातळ सुपर ग्लू पाजावा लागतो. वेलीची साल मात्र घरात सोलू नका. वर्षानुवर्षांची बोर्डो मिश्रणाची आणि बाकीच्या औषधांची फवारणी त्या सालीवर साठलेली असते. मास्क लावून शेतातच सोलून या.

झाड तोडण्याच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, खैर, चंदन, आंबा, चिंच अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वखारीतून घेतलेल्या तुकड्याची पावती ठेवा, किंवा जुन्या दाराखिडक्यांचं लाकूड वापरा.

ओलं लाकूड वाळवताना गाभा टाळून उभं चिरा, दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट फासा, पंखा किंवा ऊन थेट लागणार नाही अशा जागी ठेवा. ब्लँकच्या मापाच्या तुकड्यांना तीन ते सहा महिने धरा. अंदाजावर जाऊ नका: स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि तुकड्यावरच पेन्सिलीने लिहा. सलग तीन आठवडे वजन तेच आलं तर वाळलं. तरीही ऑगस्टमध्ये वाळलेलं नाशकातलं लाकूड मे महिन्यात आणखी आटतं. ०.७ मिमी जाडीत ते आटणं म्हणजे तडा. म्हणून पावसाळ्यात चिरलेले ब्लँक लगेच वापरू नका, एक उन्हाळा काढू द्या.

भोक

ब्लँकच्या मधोमध आडवी रेघ मारा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना फुली करा. एका बाजूवर लांबीच्या दिशेने बाण काढा. पेनचे दोन भाग जिथे मिळतात तिथे लाकडाच्या रेषा जुळल्या पाहिजेत. खुणा केल्या नाहीत तर नंतर कोणतं टोक कुठलं हे कळत नाही.

किटमधली नळी व्हर्नियरने मोजा, साधारण ५३ मिमी भरते. रेघेवर कापून दोन तुकडे करा. प्रत्येक तुकडा नळीपेक्षा ९-१० मिमी लांब उरला पाहिजे. भोक फुलीच्या टोकाकडूनच पाडायचं, कारण बिट जिथून शिरतो तिथे भोक सर्वांत अचूक असतं, आणि रेषा तिथेच जुळायच्या आहेत.

तुकडा चकमध्ये २५ मिमी आत घट्ट धरा. आधी सेंटर ड्रिलने छोटा खड्डा करा. तो न करता थेट ७ मिमीचा बिट टेकवला तर तो रेषांवरून घसरतो. लाकडाला वेग १००० ते १५००, ॲक्रिलिकला ५०० ते ७००. दर ८-१० मिमीला बिट पूर्ण बाहेर काढून ढलप्या झाडा. ढलप्या खोबणीत दाटल्या की बिटला जायला जागा राहत नाही, तो तापतो आणि बाजूला वळतो. बाहेर काढल्यावर बिटला बोट लावून पाहा: कोमट ठीक, चटका बसला तर दोन मिनिटं थांबा. छोट्या लेथच्या टेलस्टॉकचा प्रवास ५०-६० मिमीच असतो, त्यामुळे मध्ये एकदा तो परत आत घेऊन पुढे सरकवून पुन्हा कसावा लागेल. हे करताना लेथ बंद.

भोक आरपार नेऊ नका. नळीपेक्षा पाच मिमी खोल गेलं की थांबा आणि मागचं बंद टोक करवतीने कापून टाका, म्हणजे भोक उघडं पडेल. बिट पलीकडे बाहेर पडताना लाकडाची कड फुटते. बाहेर पडूच दिला नाही तर ती फुटत नाही.

नळी घालून बघा. हलक्या बोटाने सरकली पाहिजे. मऊ लाकडात भोक किंचित आवळतं आणि नळी अडते. तेव्हा ठोकू नका, त्याच बिटने पुन्हा एकदा हळू फिरवून घ्या.

नळी आणि टोक

नळीची चकाकी १५० ग्रिटच्या कागदाने घालवा. गुळगुळीत पितळेला गोंद धरत नाही, आणि नळी सुटली की लेथवर लाकूड गरागरा फिरून फुटतं. नळीचं पुढचं टोक मेणाने किंवा मुलांच्या क्लेने बुजवा, म्हणजे आत गोंद जात नाही.

सुपर ग्लू की अरल्डाइट? नवशिक्याला अरल्डाइट. सुपर ग्लू नळी अर्ध्यात असतानाच धरतो आणि मग ती ना पुढे जाते ना मागे. अरल्डाइटचे दोन्ही भाग समसमान घ्या, पूर्ण एकजीव होईपर्यंत मिसळा, नळीला आणि भोकाच्या आतही लावा, नळी गोल फिरवत फुलीकडून आत ढकला आणि ती एक मिमी आत राहू द्या. चोवीस तास हात लावू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि शहरातली बाल्कनीही गारठते. अशा थंडीत अरल्डाइट दोन दिवस चिकट राहतो. तुकडे घरातल्या उबदार खोलीत ठेवा.

आता टोक. सगळ्यांत आधी नळीत गेलेला गोंद बारीक गोल कानशीने खरवडून काढा, नाहीतर पेन मिलचा दांडा तिरका बसेल आणि टोकही तिरकंच कापेल. ब्लँक हाताने धरू नका, शिकंजात धरा. पेन मिल ड्रिलमध्ये लावून कमी वेगात, हलक्या दाबाने टेकवा. काही फेऱ्यांनी थांबून टोकाकडे बघा. आधी लाकडाचं कोरं टोक दिसेल, मग एका बाजूला पितळेची बारीक चंद्रकोर उगवेल. चंद्रकोर वाढत जाऊन पूर्ण बांगडी झाली, सगळीकडे सारख्या जाडीची आणि चकचकीत, की त्याच क्षणी थांबा. आणखी दोन फेऱ्या मारल्या तर नळीच आखूड होते. आखूड नळीत फिरवायची यंत्रणा नेमकी बसत नाही आणि तयार पेनची रिफिल आत जात नाही. ही चूक नंतर कशानेच भरून निघत नाही.

बाभळीसारखं फुटणारं लाकूड असेल तर पेन मिल कड उडवतो. तिथे दुसरी युक्ती: एमडीएफच्या गोल चकतीवर १२० ग्रिटचा कागद चिकटवून ती हेडस्टॉकच्या चकमध्ये धरा, टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये नळीत घट्ट बसणारी सरळ सळई धरा, ब्लँक सळईवर चढवा आणि चकतीवर टेकवा. सळई आणि चकती काटकोनात असल्याने टोक आपोआप काटकोनात घासलं जातं.

खराद

मँड्रेलवर बुश, ब्लँक, बुश, ब्लँक, बुश असा क्रम; फुल्या आतल्या बाजूला, मधल्या बुशकडे. नट बोटांनी आवळा, पान्याने नाही. टेलस्टॉकही फक्त सेंटर फिरू लागेल इतकाच दाबा. मँड्रेलची सळई सहा मिमीच्या आसपासची असते. जास्त दाबली की ती धनुष्यासारखी वाकते आणि पेन अंडाकृती होतो. पेन गोल नसल्याची तक्रार दहातल्या आठ वेळा इथेच मिटते, नट सैल करून.

बाह्या दुमडा. ओढणी, पदर, गळ्यातली माळ, मनगटातला दोरा काढून ठेवा. हातमोजे घालू नका, फिरता लेथ मोज्यासकट हात ओढून नेतो. चेहऱ्यावर पूर्ण शिल्ड आणि त्याखाली एन-९५ मास्क. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा १९९५ साली कर्करोगकारक ठरवला आहे. बंद बाल्कनीत तो घरभर पसरतो, म्हणून लाकूड घासतानाही मास्क हवा आणि व्हॅक्यूमचं तोंड लेथच्या मागे बांधलेलं हवं.

टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून तीन-चार मिमीवर. लेथ हाताने एकदा फिरवून बघा, मग चालू करा. चौकोनी ब्लँक गोल होईपर्यंत वेग १५०० ते १८००, मग २५०० ते ३०००. गौज आधी रेस्टवर, मग त्याची पाठ लाकडाला, मग मूठ हळूच उचलायची म्हणजे धार लागते. उलट क्रमाने गेलात तर हत्यार अडकतं आणि ब्लँक फुटतो. बुशपेक्षा एक मिमी जाड राहिलं की थांबा, धार ताजी करा आणि शेवटचे हात स्क्यूने मारा. घासण्यासाठी ०.२ मिमी सोडा.

घासायचा वेग ८०० ते १०००. ग्रिट २४०, ३२०, ४००, ६००, एकही गाळायचा नाही. प्रत्येक ग्रिटनंतर लेथ थांबवून लांबीच्या दिशेने हात फिरवा, नाहीतर गोल ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिशखाली उठून दिसतात. डाळिंबासारख्या फिक्या लाकडावर बुशची लोखंडी काजळी पसरते. घासताना बुश काढून नायलॉनचे शंकू लावले की रंग स्वच्छ राहतो.

पॉलिश

चन्नपट्टणचे कारागीर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. फ्रिक्शन पॉलिशचं तत्त्व तेच. १०० ग्रॅम चपडा लाख ४०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळा, टिश्यू पेपरवर थोडी घेऊन फिरत्या लाकडावर दाबा, कोमट होईपर्यंत. कापड कधीच वापरू नका; अडकलं तर बोट ओढतं, कागद नुसता फाटतो. लाखेची झळाळी सुंदर असते, पण रोजच्या हाताच्या घामाने आणि सॅनिटायझरने काही महिन्यांत उतरते.

टिकाऊ हवं तर सुपर ग्लूचे थर. साग, शिसव अशी तेलकट लाकडं आधी ॲसिटोनने पुसून घ्या. वेग ५०० ते ६००. टिश्यूची घडी लाकडाखाली धरून वरून दोन-तीन थेंब सोडा आणि एका दिशेने भरभर पसरवा. मध्ये थांबलात तर कागद चिकटतो. पातळ ग्लूचे दोन थर, मग मध्यम ग्लूचे सहा ते आठ, प्रत्येक थर हाताला सुका लागल्यावरच पुढचा. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने ग्लू झटकन धरतो आणि पांढरा पडतो. जुलैत थर आणखी पातळ ठेवा आणि ॲक्सिलरेटर (ग्लू झटपट सुकवणारं औषध) टाळा. कापूस किंवा सुती चिंधी इथेही नको: सुपर ग्लू शोषलेला कापूस इतका तापतो की धूर येतो.

मग कार पेंटच्या दुकानातला वॉटर पेपर, १०००, १५०० आणि २०००, पाण्यात बुडवून, आणि शेवटी रबिंग कंपाउंड. पाणी टोकांतून लाकडात शिरू देऊ नका. आधी टोकांना पातळ ग्लूचा एक थेंब लावा.

जोडणी

ग्लू बुशलाही चिकटलेला असतो. ओढून काढलं तर थराची कपची निघते. जोडावर धारदार सुरीने गोल चीर द्या, मग बुश सोडवा आणि टोकावरची ग्लूची कड ४०० ग्रिटवर सपाट करा. नळीच्या तोंडाशी गोंदाचा कण राहिला नाही ना ते पाहा. जोडताना पडणाऱ्या तड्याचं कारण बहुतेकदा तो एकच कण असतो.

शिकंजाच्या जबड्यांना लाकडी पट्ट्या लावून त्याचाच प्रेस करा. खालच्या भागाच्या बिनफुलीच्या टोकात निब, सरळ रेषेत, हळूहळू. मग फुलीच्या टोकात फिरवायची यंत्रणा, पितळी बाजू आत, वरच्या खाचेच्या तीन मिमी आधीच थांबा. रिफिल घाला, फिरवा. टोक पुरेसं बाहेर येत नसेल तर एक-एक मिमी दाबत जा आणि दर वेळी तपासा. यंत्रणा जास्त आत गेली तर परत काढताना लाकूड फुटतं. रिफिल उघडल्यावर तीन मिमी बाहेर आणि मिटल्यावर पूर्ण आत गेली की बस.

वरच्या भागात क्लिप आणि टोपी दाबा, यंत्रणेवर मधली रिंग सरकवा, वरचा भाग चढवा आणि रेषा जुळेपर्यंत फिरवा. काम संपल्यावर बुश, मँड्रेल आणि लेथच्या बेडला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या. जून ते सप्टेंबर हे रोज करायचं, कारण नाशिकच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस डाग उठतात आणि गंजलेला बुश पुढच्या पेनचं माप बिघडवतो.